धारेचं गाणं

"गानं थांबव की वाईच," गोठ्याच्या दारातून सर्जेराव म्हणाला. "तुज्या आईचं सांगाय आलोय."

मी थांबलो नाही. चरवी दोन्ही गुडघ्यांत धरलेली, डोकं म्हशीच्या पोटाला टेकलेलं, हात चालू. मान जमेल तेवढी वळवून त्याला डोळ्यांनीच 'बस' म्हटलं आणि गात राहिलो.

डोंगराच्या पल्याड । दिवा कुनाचा गं लागं ।
पाय माझं उंबऱ्यात । जीव वाटंवर जागं ॥

सर्जेराव माझ्या गावचा, वरच्या आळीतला. बैलबाजाराला खाली उतरला होता आणि वाट वाकडी करून माझ्या सासुरवाडीला आला होता. त्याला वाटलं, घरजावई झाल्यावर गड्याला मस्ती आलीय. तो दारातच उभा राहिला आणि माझ्या पाठीला सांगायला लागला.

"म्हातारी पडली अंगनात. खुब्याचं हाड मोडलंय. आता हातरुनावरच हाय. थोरला करतूय, वैनी करती, पर ती तुजंच नाव घेती. यात्रंला तरी ये म्हनली. लेकाला आन सुनंला, दोघांस्नी बघू दे म्हनली."

आणि मी गात होतो. हे सगळं कानात पडत होतं, तोंडातून मात्र ओवी. तीही आईचीच. लहानपणी ती चुलीपुढं भाकरी थापताना म्हणायची. गळा दाटून आला तर आवाज फाटेल आणि आवाज फाटला तर सगळंच मुसळ केरात जाईल, म्हणून दाटूही दिला नाही. शेवटची चिळकांडी निघाली तेव्हा उठलो, भरली चरवी बाजूला ठेवली आणि मग सर्जेरावापुढं मटकन बसलो.

"थांबलो असतो तर म्हशीनं दूध चढवलं असतं," मी म्हणालो.

"म्हंजे?"

"ही चंद्री. गान्याबिगर धार देत न्हाई. आनि गानं माजंच लागतं."

सर्जेराव चंद्रीकडं बघत राहिला. ती कपाळावरचा पांढरा ठिपका मिरवत सावकाश रवंथ करत होती. मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

"असं हाय व्हय," तो म्हणाला. "म्हंजी म्हस मोकळी हाय, दाव्याला तू हायस."

चहा घेऊन तो निघून गेला. जाताना म्हणाला, यात्रा येत्या पुनवेला.

आता हे गाण्याचं कसं झालं, ते सांगायला हवं. मी दोन भावांत धाकटा. आमचं गाव डोंगरावर, जमीन म्हणजे पायऱ्या. तिथं नाचणी पिकते आणि माणसं मुंबईला जातात. मी मुंबईला न जाता खाली कृष्णाकाठाला आलो, केरबामामांचा घरजावई म्हणून. मामांना एकच लेक, शालन. बायको लवकर गेलेली. पोर नजरेसमोर राहायला पाहिजे, एवढीच त्यांची अट होती. शालन मला आवडली होती, काळं रान आवडलं होतं, दोन वेळची गव्हाची चपाती आवडली होती. माणसाला चोविसाव्या वर्षी आणखी काय पाहिजे असतं? लोक टिंगल करायचे, 'काय हिंदुराव, नांदताय न्हवं नीट? सासरा जाच न्हाई न्हवं करत?' म्हणून विचारायचे. मीही हसायचो.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी चंद्री व्याली आणि तिचं रेडकू तिसऱ्या दिवशी मेलं. चंद्रीनं दूध द्यायचं बंद केलं. मामांनी सरकी-पेंडीचं आंबोण पुढं ठेवून पाहिलं, पाठीवर थापून पाहिलं, शेजारच्या हौसामावशीनं रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून पुढं उभं केलं. चंद्रीनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या संध्याकाळी मी गोठ्यात तिच्याशेजारी बसलो होतो. गावाकडची यात्रा होती त्या दिवशी आणि मी जाऊ शकलो नव्हतो. मला आपलं उगाच भरून आलं आणि आईची ओवी तोंडात आली. हात तिच्या कासेवरून फिरत होता. दुसऱ्या ओवीला सड ओले झाले. मी चरवी ओढली.

मामा दारात उभे होते. एवढे खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. गावभर सांगत सुटले, "आमच्या पावण्याच्या गळ्यातच पान्हा हाय."

झालं. तिथं माझ्या पायात बेडी पडली, आणि मीच ती घडवून दिली होती. दुसऱ्या वेताला रेडकू जगलं, पण चंद्रीची सवय मोडली नाही. सकाळ-संध्याकाळ मी पाहिजे आणि गाणं पाहिजे. चंद्री आटायची तेव्हा नेमकी उसाची लागण निघायची. एकदा चुलत्याच्या बाराव्याला गेलो होतो. आमच्या गावाला संध्याकाळची एकच एसटी, ती मुक्कामाची, सकाळी परत फिरते. दोन वेळच्या धारा चुकल्या. परत आलो तर कास दगडासारखी झालेली, डॉक्टर आणावा लागला. मामा रागावले नाहीत. ते रागवायचेच नाहीत, तीच तर अडचण होती. पुढं वर्षभर मी कुठं निघायचं नाव काढलं की ते एवढंच म्हणायचे, "जावा की. चंद्रीला इचारून घ्या म्हंजी झालं."

तीन वर्षं झाली तरी ते मला 'पावणं' म्हणायचे. पाहुणा असा की शेण मी काढायचं, वैरण मी आणायची आणि निघायचं म्हटलं तर उंबऱ्याला म्हैस आडवी.

त्या संध्याकाळी जेवताना मी आईचं सांगितलं. मामांचा घास हातात राहिला.

"वाईट झालं," ते म्हणाले. मनापासून म्हणाले. "जाया पायजे तुमी."

"दोघांस्नी बोलावलंय."

"दोघांस्नी?" त्यांनी शालनकडं बघितलं. शालन तव्यावर चपाती उलथत होती. "ती कशाला? तिला तितल्या चढाची सवं न्हाई. तुमी जावा. पर चंद्रीचं कसं करायचं, त्येवढं सांगा."

"ते मी बघतो," मी म्हणालो.

बघतो म्हणालो खरा. हौसामावशीला माझी ओवी शिकवली. मावशीचा गळा देवळातल्या भजनाचा, खणखणीत. चंद्रीनं पहिल्याच ओळीला अशी लाथ मारली की चरवी उकिरड्यावर जाऊन पडली. मावशी म्हणाली, "मला मरान येईल तवा येऊ दे, म्हशीच्या पायानं नगं." मग डेअरीतल्या एका पोराचा टेपरेकॉर्डर आणला. मी पेंडीच्या पोत्यावर बसून सगळं गाणं म्हटलं, कॅसेट भरली. दुसऱ्या दिवशी मामा म्हशीखाली बसले आणि मी गोठ्याबाहेर लपलो. डब्यातून माझा आवाज निघाला. चंद्रीनं कान टवकारले, डब्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं आणि हंबरायला लागली. तिला वाटलं असणार, मला कुणीतरी डब्यात कोंडलंय. अगदीच चुकीचं नव्हतं तिचं. मामा रिकामी चरवी घेऊन बाहेर आले आणि मी आत गेलो.

पुनव जवळ येत चालली. रात्री डोळा लागायचा नाही. आई हातरुणावर पडून दाराकडं बघतेय, असंच सारखं दिसायचं. वाटायचं, उठावं आणि चालायला लागावं, कास सुजू दे नाहीतर फुटू दे. पण मुक्या जनावरानं काय केलं होतं माझं? रेडकू गेलेली ती, माझ्या गळ्याला धरून राहिली होती. तिला लाथाडून जायची छाती होत नव्हती. आणि मामांनाही तोंडावर दोन शब्द सुनवावेत तर त्या माणसानं कधी वाकडा शब्द वापरलेला नाही. कुणाचा राग करावा, तेच कळायचं नाही.

एक दिवस मला पाण्याच्या पाळीवर उशीर झाला. पाट फुटला होता. तो बांधून धावतपळत आलो तर गोठ्यातून गाणं ऐकू येत होतं. माझंच गाणं, पण आवाज बाईचा.

वारा सुटला खिंडीत । वाजं दाराची ती कडी ।
कुनी आलं न्हाई बाई । जीव उगा घाली उडी ॥

मी कुडाला कान लावला. गाण्याखाली चरवीत धार वाजत होती, जाड, सलग. आत वाकून पाहिलं तर शालन म्हशीखाली बसलेली. पदर खोचलेला, डोकं चंद्रीच्या पोटाला. चंद्री डोळे अर्धे मिटून उभी.

शालननं आयुष्यात धार काढली नव्हती. मामांनी कधी बसूच दिलं नाही. एकुलती पोर, लाथ बसली तर काय घ्या! तिनं हे कधी बघून ठेवलं, कधी पाठ केलं, मला पत्ता नव्हता. मी तसाच उभा राहिलो. ओवी मी हजार वेळा म्हटली होती, पण ऐकली नव्हती. म्हणणाऱ्याला ऐकू येत नाही. तिसरी ओवी तिनं म्हटली तेव्हा तिचा सूर जरा खाली गेला.

घार फिरं आभाळात । तिला वेसन ना दावं ।
मला इचारी ती बाई । तुजं गाव कंचं गाव ॥

चरवी भरली. ती बाहेर आली आणि मला बघून दचकली. मग हसली.

"दिलं की हो तिनं," ती म्हणाली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी चरवी तिच्या हातातून घेतली, तिथंच खाली ठेवली आणि म्हणालो, "सुटलो. शालन, सुटलो मी. परवाच्या एसटीनं जातो बघ. तू धार काढ, मी चार दिवसांत आलोच."

घरात गेलो, ट्रंकेतून धोतर काढलं, आईला न्यायला गूळ बांधला. शालन दाराला टेकून उभी होती.

"आनि मी?" ती म्हणाली.

"तू काय?"

"मला बी बलवलंय न्हवं?"

"बलवलंय. पर दोघं गेलो तर—"

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि चुलीपाशी गेली. मी मागोमाग गेलो. ती पाठमोरीच बोलत होती.

"तुमी ते गानं म्हनता, तवा सगळी म्हनत्यात, पावण्याला गावाची याद आली. मला बी तसंच वाटायचं. मग आज मी म्हनाय लागले आन तिसऱ्या ओवीला माजंच मला कसंतरी झालं. घारीनं मला इचारलं की, तुजं गाव कंचं, तर मी काय सांगू?"

"हेच की तुजं गाव."

"हे? हितं जलमले, हितंच नांदती. ह्याला म्हायेर म्हनू तर सासर कुटं हाय? आन सासर म्हनू तर म्हायेराला कुटं जाऊ? गावातल्या पोरी पंचमीला येत्यात. झोका बांधत्यात, सासूच्या कागाळ्या करत्यात, रडत्यात, हसत्यात. मी तितं काय सांगू? मी कुटनं आले म्हनू?"

मी चुलीपुढं खाली बसलो.

"आपली वरात आठवती का?" ती म्हणाली. "वाजतगाजत मारुतीच्या देवळाला वळसा घातला आन परत ह्याच दारात आली. माप वलांडलं ते बी माज्याच आईच्या उंबऱ्यावर. तुमी निदान कुटनंतरी आलाय. तुमाला जायाला जागा हाय. मी तर हाललेच न्हाई."

तीन वर्षं मी त्या घरात कोंडल्यासारखा झालो होतो आणि मला वाटत होतं, कोंडलेला मी एकटाच आहे. माझ्या शेजारी झोपणारी बाई जन्मापासून तिथंच आहे, हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नाही. मला तिची फार माया आली.

"पर मग धार?" शेवटी तेवढंच निघालं तोंडातून.

"आबा काढतील."

"आनि गानं?"

"ते बी आबाच म्हनतील."

मी हसलो. केरबामामा आणि गाणं! हरिपाठालासुद्धा ते ओठ मिटून टाळ वाजवायचे. आरतीला सगळं गाव कोकलायचं, तेव्हा हे नुसतं तबकाकडं बघत राहायचे. पण शालन हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मामांच्या हातात चहा दिला आणि सांगून टाकलं. "आबा, मी बी जानार हाय ह्यांच्यासंगं. चार दिस."

"आन म्हस?"

"तुमी बगायची. गानं येतंय तुमास्नी. तीन वर्सं कट्ट्यावर बसून ऐकताय."

मामांनी चहा खाली ठेवला. "बायकांचं गानं मी म्हनू? ह्या वयात? भाईर लोकं ऐकत्यात शालन."

"ऐकू द्या की."

"जमायचं न्हाई. पावण्यास्नी जाऊ दे. तू ऱ्हा." आणि मग हळूच म्हणाले, "तू गेल्यावर हितं कोन हाय?"

कप उचलून शालन आत गेली. मला वाटलं, संपलं. तिला मी ओळखत नव्हतो एवढाच त्याचा अर्थ.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. मी चरवी घ्यायला गेलो तर शालननं माझं मनगट धरलं.

"तुमी न्हाई जायाचं. मी बी न्हाई. आन गायाचं न्हाई."

आम्ही दोघं अंगणात निंबाखाली बसलो. मामा कट्ट्यावर. गोठ्यात चंद्रीनं एकदा हंबरून पाहिलं. मग परत. थोड्या वेळानं ती पाय आपटायला लागली. कास भरून आली होती, सडांतून थेंब गळायला लागले असणार. तिचं ओरडणं वाढत गेलं. हौसामावशीनं कुडावरून डोकावून विचारलं, "काय झालंय गं म्हशीला?" मला बसवेना. माझ्या गळ्यात ओवी आपोआप वर येत होती, ओठापर्यंत येत होती. शालनचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता. रडत होती ती, पण सोडत नव्हती.

"पावणं, बगताय काय? उठा की," मामा म्हणाले.

मी मान खाली घातली.

"कास फुटंल तिची!"

"फुटू देऊ नका," शालन म्हणाली. "तुमी बसा."

मामा उठले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, लेकीकडं बघितलं. ते चिडतील, चार शिव्या देतील असं वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचा चेहरा नुसता पडला. खुंटीवरची चरवी काढून ते आत गेले.

आम्ही दाराशी जाऊन उभे राहिलो. आत मामा म्हशीखाली बसले. पाण्याचा हात कासेवरून फिरवला. चुचकारलं. चंद्री अंग चोरून उभी. ते खाकरले. परत खाकरले. मग तोंडातल्या तोंडात, भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "डोंगराच्या पल्याड..."

चंद्रीनं शेपटी फटकन मारली.

"जरा सूर लावा," शालन म्हणाली.

"गप गं," मामा म्हणाले. आणि त्यांनी सूर लावला. सूर कसला, विहिरीत बादली पडताना रहाट कुरकुरावा तसा आवाज. पण शब्द एक चुकला नाही. पाय माझं उंबऱ्यात, तिथं ते अडखळले आणि परत पहिल्यापासून म्हटलं. दुसरी ओवी झाली. चंद्रीचे कान मागं गेले. ती अजून द्यायला तयार नव्हती, पण पाय आपटायची थांबली होती.

तिसऱ्या ओवीला मामांचा आवाज बदलला. 'मला इचारी ती बाई' इथपर्यंत आले आणि थांबले. डोकं म्हशीच्या पोटाला टेकलेलं, त्यामुळं तोंड दिसत नव्हतं.

"शालन," ते तसेच म्हणाले, "हे तुजं हाय व्हय गानं?"

"दोघांचं बी हाय, आबा."

"मला वाटलं, पावण्याचंच."

मग त्यांनी ओवी पुरी केली. चरवीत पहिली धार वाजली. टणकन वाजली. मग दुसरी. शालननं माझं मनगट सोडलं. तिथं तिच्या बोटांचे वळ उठले होते.

चरवी भरून मामा बाहेर आले. आमच्याकडं न बघता म्हणाले, "उद्याची एसटी गाठायची तर सकाळीच धुनी धुऊन घ्या."

निघायच्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात आलो. शालनच्या हातात बोचकं. मामा आत कुठंतरी खुडबुड करत होते. हाक मारली तर एका ताटलीत तांदूळ आणि नारळ घेऊन आले.

"बाईमानूस न्हाई घरात," ते म्हणाले. "हौसाला बलवाय पायजे हुतं. कसं भरत्यात त्ये मला ठावं न्हाई."

शालननं पदर पुढं केला. त्यांनी तांदळाची मूठ घातली, निम्मे तांदूळ खाली सांडले. परत मूठ भरली. नारळ ठेवला. त्यांचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला आणि तिथंच घोटाळला.

"नीट नांद," ते म्हणाले. लग्नात बापानं म्हणायचं असतं ते. लग्नात कशाला म्हणतील? पोर जाणारच नव्हती कुठं.

एसटीच्या थांब्यापर्यंत शालन एवढी रडली की बघणाऱ्यांना वाटलं असेल, नवी नवरी घेऊन चाललोय. मी तिला समजावलं नाही. रडू दिलं. एसटीत बसल्यावर तिनं डोळे पुसले आणि खिडकीबाहेर बघायला लागली. घाट लागला तसं प्रत्येक वळणाला विचारायची, "हे कंचं गाव? आन ते?"

आमच्या घराच्या उंबऱ्यावर वहिनीनं धान्याचं माप ठेवलं होतं. आईनंच सांगितलं होतं म्हणे. शालननं ते पायानं लवंडलं आणि आत आली. आई खाटेवर, वाळून काटकी झालेली. तिनं शालनचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. रात्री शालननं तिला ओवी म्हणून दाखवली. आई ऐकत राहिली आणि म्हणाली, "माजं गानं तुला कुनी शिकवलं गं?"

"म्हशीनं," शालन म्हणाली. आई हसली. वहिनी म्हणाली, पडल्यापासून पहिल्यांदा हसली. यात्रेचे ढोल आम्ही तिच्या खाटेशी बसूनच ऐकले. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली, पण त्या वेळी मी तिच्याजवळ होतो, कारण तोवर वाट मोकळी झाली होती.

यात्रा संपवून परत निघालो. खाली उतरताना शालन म्हणाली, "आबांनी जेवन केलं आसंल का नीट?" मी म्हणालो, "आनि चंद्री?" एकमेकांकडं बघून आम्हाला हसू आलं.

थांब्यावर उतरलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. गावाअलीकडच्या ओढ्यात म्हशी डुंबत होत्या. त्यात चंद्री होती, नाकापर्यंत पाण्यात. कपाळावरचा ठिपका तेवढा चमकत होता. कास दुखत नव्हती, हे मी काठावरूनच तिच्या सुस्त डोळ्यांवरून ओळखलं. जिवाला बरं वाटलं.

घरापाशी आलो. कट्टा रिकामा. हाक मारणार तेवढ्यात शालननं मला थांबवलं. गोठ्यातून आवाज येत होता.

वारा सुटला खिंडीत । वाजं दाराची ती कडी ।
कुनी आलं न्हाई बाई...

आम्ही कुडाआडून बघितलं. गोठा रिकामा होता. मामा एकटेच, भिंतीला टेकून, पेंडीच्या पोत्यावर बसलेले. हातात चरवी नाही, काही नाही. दाराकडं तोंड करून ते गात होते. आवाज तसाच, रहाटासारखा, पण आता अडखळत नव्हता. तिसरी ओवी झाली तसे ते परत पहिलीकडं वळले.

शालन पुढं झाली. "आबा," ती म्हणाली.

मामा दचकून उठले. कोपऱ्यातला खराटा हातात घेतला आणि झाडायला काही नव्हतं तरी झाडायला लागले.

"म्हशीची सवं मोडू नये," ते म्हणाले, "म्हनून म्हनत हुतो."

"व्हय, आबा," शालन म्हणाली आणि त्यांच्या हातातला खराटा घेतला.